लमाणाची वेळ

बॅटरी डोक्यावर असली की मान वळवायची नाही. मान वळली की बॅटरी कलते, बॅटरी कलली की बुचातून तेजाब गळतो, आणि तेजाब कापडाला आणि कातड्याला सारखाच खातो. सेवादासच्या डाव्या खांद्यावर रुपयाएवढे तीन पांढरे डाग होते, ते असेच पडलेले. पहिल्या खेपेला रस्त्यात मागून कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं वळून बघितलं होतं. हाक दुसऱ्याच कुणाला होती.

किन्हीराजातला एकुलता एक रेडिओ रामराव पाटलाच्या ओसरीवर होता. वीज गावात नव्हती, आसपासच्या पन्नास गावांतही नव्हती. रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा आणि बॅटरी उतरली की वाशीमला कापसाच्या जिनाच्या इंजिनावर भरून आणावी लागायची. एक दिवस जायला, एक रात्र भरायला, एक दिवस यायला. गाडीबैलानं न्यावी तर हिसक्यांनी तेजाब सांडायचा. लढाई सुरू असल्यामुळं मोटारी कोळशाच्या गॅसवर कशाबशा चालत होत्या, आणि त्यांचे ड्रायव्हर बॅटरी दिसली की 'उतर खाली' म्हणायचे. म्हणून मग माणूस. माणसाला हिसके बसत नाहीत अशी आपल्याकडं पक्की समजूत आहे.

आणि एक गोष्ट पाटलाला कधी ठाऊक नव्हती, कारण त्यानं बॅटरी कधी उचलली नव्हती. उतरलेली बॅटरी भरलेल्या बॅटरीइतकीच जड असते.

सेवादास गावाबाहेरच्या लमाणांच्या तांड्यातला. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत तांड्यातला. त्या साली राखीव जंगलातली सागाची झाडं तुटली आणि तहसीलदार चौकशीला आला. तांड्याचा नायक गुलाबसिंग यानं सगळ्यांना बजावलं होतं की कोणी काही पाहिलं नाही. अकरा जणांनी तसंच सांगितलं. बारावा सेवादास. त्याच्याकडून शपथ घेतली आणि विचारलं, लाकूड कुणाच्या गाडीत होतं? तो म्हणाला, नायकाच्या. नायकाशी त्याचं वैर नव्हतं. पुढं कुणी विचारलं की एवढंच म्हणायचा, 'शपथ घेतली होती.' नायकाला तीन महिने कैद झाली. तहसीलदारानं 'शाबास' म्हणून कागद मिटला आणि घोडं पुढच्या गावाला हाणलं. खरं बोलण्याचं सेवादासला मिळालं ते एवढंच, एक शाबास, तेही घोड्यावर बसता बसता.

नायक सुटून आला त्या रात्री पंच बसले. सेवादासची आग बंद, पाणी बंद, बोलणं बंद. गुलाबसिंग जिवंत आहे तोवर. जो त्याच्याशी बोलेल तोही बाहेर. बारा कोसांतल्या सगळ्या तांड्यांना निरोप गेला. बायको माहेरच्या तांड्यावर गेली ती गेलीच. आई, मोतीबाई, धाकट्या लेकाकडं, बाबूसिंगकडं राहिली. सेवादास पाटलाच्या गोठ्यात येऊन पडला. पाटलानं ठेवून घेतला, कारण बॅटरी नुकतीच आली होती.

पाटलाच्या घरी त्याच्याशी बोलणारे होते. 'उचल,' 'ठेव,' 'चारा टाक,' 'मेला का बे?' ही सगळी बोलणीच की. पण ती मराठीतली. त्याची गोरमाटी बोली त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. बाजारच्या दिवशी मोळ्या घेऊन आलेल्या लमाणणींचा गलका त्याला लांबून ऐकू यायचा. तो जवळ गेला की गलका थांबायचा. कुणी कापून टाकावा तसा. त्या बायांत त्याची आईही असायची. तीही गप्प व्हायची.

तो बैलांशी बोलायचा. बैल ऐकतात. एकदा त्याला स्वप्न पडलं, आई भाकरी थापते आहे आणि काहीतरी सांगते आहे. जागा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की स्वप्नातली आई मराठीत बोलत होती. त्या दिवसापासून तो झोपायला भ्यायला लागला.

रेडिओ रोज रात्री एक तास लागायचा. पाटील बाजेवर, गावातली जाणती माणसं सतरंजीवर, आणि सेवादास खाली अंगणात, बॅटरीच्या बाजूला. तारा जोडायचं काम त्याचं. लाल दोरा बांधलेली तार एका खुंटीला, बिनदोऱ्याची दुसऱ्या. मराठी बातम्यांच्या आधी दिल्लीहून दुसऱ्याच कुठल्या कुठल्या भाषांतल्या बातम्या चालायच्या. एकदा त्यानं न राहवून विचारलं,

"पाटील, हे कोणाची बोली होय जी?"

"हे तामीळ. मंघाचं बंगाली. पठाणाची बी येते. दिल्ली साऱ्या मुलखाशी बोलते बे, ज्याच्या त्याच्या भाषेत, ज्याच्या त्याच्या टायमाले."

"आमची बी येते?"

सतरंजीवरचे हसले. पाटील हसला नाही. तो खोट्या गंभीर तोंडानं म्हणाला, "येत असन ना. आपण कुठं दिवसभर आयकतो? एक घंटा तर लावतो. दुपारून येत असन, लमाणाची वेळ."

मग सगळेच हसले. पण सेवादासला त्या बोलण्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पाटील म्हणाला ते बरोबरच होतं. दिवसाचा एकच तास यांना माहीत आहे; बाकीच्या वेळात दिल्ली काय बोलते हे गावात कुणालाच माहीत नाही. पठाणाची भाषा येते, मद्रासची येते, मग गोरांची, म्हणजे लमाणांची, का येणार नाही? गोर काय थोडे आहेत? त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ घालून अर्धा हिंदुस्तान तुडवला होता. दिल्लीला हे माहीत नसेल असं त्याला वाटेचना.

आणि आणखी एक गोष्ट होती. रेडिओला दिसत नाही कोण ऐकतंय. सेवादास समोर येऊन बसला म्हणून तो गप्प होणार नव्हता.

१९४४ साल, वैशाखाचा महिना. रामराव पाटील घरचं सगळं माणूस घेऊन मेडशीला लग्नाला गेला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परतणार होता, आणि सोबत व्याही जगदेवराव यांना आणणार होता, खास रेडिओ ऐकवायला. जाताना बजावून गेला, "पेटीले हात नाई लावाचा. व्याह्याले इंफाळच्या बातम्या आयकवाच्या हायेत. बॅटरी उतरली तं तुई चामडी उतरवीन."

घरात दोनच माणसं राहिली. सेवादास, आणि राखणीला पुंजाजी. पुंजाजी पाटलाचा जुना सालदार, जिभेनं तिखट आणि अंगानं सुस्त.

सेवादासनं हिशेब केला. भरलेली बॅटरी सतरा तास चालते. सहा रात्री झाल्या. राहिले अकरा. पाटलाचा एक तास बाजूला ठेवायचा. उरले दहा. दहा तासांत आपली वेळ आली तर आली. पाटलाचं नुकसान करायचं त्याच्या मनात नव्हतं, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं गावानं उलटंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांचं चारापाणी करून त्यानं अंग धुतलं, धुतलेलं धोतर नेसला आणि तारा जोडल्या. पाटील फिरवतो तेच बटण तेवढंच फिरवलं. पेटी तापायला वेळ लागतो. तो हात जोडून उभा राहिला.

"आरती करतं का बे तिची?" पुंजाजी बाजेवरून म्हणाला. पाटलाच्या बाजेवर झोपायची एवढीच संधी त्याला होती आणि ती त्यानं साधली होती. "पाटील मारन हां."

"एक घंटा ठेवतो त्याहिचा."

"अन् तुले काय आयकाचं हाये? चर्चिल तुया सोयरा होय?"

"आमची वेळ आयकाची हाये."

पुंजाजी उठून बसला. त्याला आधी समजलं नाही, मग समजलं, आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अबे, थे पाटलानं गंमत केल्ती!"

"मंग दिवसभर काय येते, सांग."

ते कुणालाच सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा हिंदुस्तानीत बातम्या आल्या. मग इंग्रजीत. मग एका माणसानं सांगितलं की हिवतापाचे डास साठलेल्या पाण्यात होतात, तेव्हा घराभोवतीच्या डबक्यांत रॉकेल ओतावं. गावात दिव्याला रॉकेल नव्हतं. मग मुंबईचे कापसाचे भाव. मग कुणी एक पंडित आत्मा म्हणजे काय ते समजावत होता. सेवादास अंगणात पाय दुमडून बसून सगळं ऐकत होता. हिंदुस्तानी त्याला कळायची. बाकीचं तो नुसतं आवाज म्हणून ऐकत होता. प्रत्येक वेळी बोलणारा थांबला की तो पुढं सरकायचा. मधल्या त्या क्षणाला पुढचा माणूस कुठल्याही भाषेत तोंड उघडू शकला असता.

साडेनऊच्या सुमारास आवाज बंद झाला. नुसती खरखर.

"झाली सकाळची दिल्ली," पुंजाजी म्हणाला. "बंद कर. खरखर काय आयकतं?"

"मधातच आली तं?"

"अबे, ते जेवाले गेले असन. दिल्लीवाल्याले पोट नाई का?"

"कोणाचं सांगाव. आमची वेळ लहान असन. दोन गोष्टी बोलून निंगून जातीन."

त्यानं बंद केला नाही. इथं तो चुकला. सकाळ आणि दुपारच्या मध्ये अडीच तास दिल्ली काही बोलत नाही, हे आज तुम्हा-आम्हाला माहीत आहे. त्याला कुणी सांगितलं होतं? अडीच तास तो खरखरीसमोर बसून राहिला. वैशाखाचं ऊन अंगणात उतरलं. रेडिओची तार ज्या बांबूला बांधली होती त्याची सावली आखडत बुडाशी आली. त्या सावलीवरूनच तो तास मोजत होता. खरखरीत त्याला दोनदा कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं. एकदा तो "हाव?" म्हणालाही. मग आपणच ओशाळला आणि पुंजाजीनं ऐकलं का ते बघून घेतलं.

पुंजाजी बाजारात गेला होता. जाताना भाकरी-चटणी फडक्यात बांधून ओसरीच्या कडेला ठेवून गेला होता. सेवादासनं ती उघडली नाही. घासाच्या आवाजात एखादा शब्द हुकला तर?

दुपारी पेटी पुन्हा बोलायला लागली. आधी एक बाई. साखर मिळत नसेल तर खजुराची मिठाई कशी करावी, हे ती फार गोड आवाजात सांगत होती. खजूर कुठून आणावा हे तिनं सांगितलं नाही. मग बातम्या. आणि मग एक प्रोफेसर आले.

प्रोफेसरांचा विषय होता हिंदुस्तानच्या भाषा.

सेवादास उठून उभा राहिला. पायऱ्या चढून ओसरीवर आला, जिथं त्याला तारा जोडण्यापुरतंच यायची मुभा होती, आणि पेटीच्या पुढ्यात बसला.

प्रोफेसर विद्वान होते. एकेका भाषेचं नाव घेत होते, ती किती जुनी, कुठून कुठवर बोलली जाते, तिच्यात कोण कोण मोठे कवी झाले. हिंदुस्तानी झाली. बंगाली झाली. मराठीला त्यांनी बरीच मिनिटं दिली. गुजराती, तामीळ, तेलगू, पंजाबी, पश्तो. सेवादास प्रत्येक नावाला मान हलवत होता, पंगतीत आपल्याकडं वाढायला येताहेत अशा बेतानं. आसामी. उडिया. सिंधी. मग प्रोफेसर किंचित थांबले, पाणी प्यायले असावेत, आणि म्हणाले, "इनके अलावा बहुत सी छोटी-मोटी बोलियाँ हैं, जिनकी गिनती यहाँ ज़रूरी नहीं।"

आणि आभार मानून निघून गेले.

मी त्या प्रोफेसरांना शिव्या देणार नाही. दिल्या तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत. तिकडून इकडं बोलता येतं, इकडून तिकडं येत नाही, अशीच ती पेटी केलेली आहे. पण एवढं विचारतो. ज्या बोलीत एका माणसाची आई त्याला हाक मारते ती छोटी कशी मोजली? कुठल्या मापानं? मोजायला गेला होता का कुणी?

सेवादास रागावला नाही. त्याला राग येत नसे, हाच त्याच्यातला मोठा दोष. तो एवढंच समजला की आपण छोट्या-मोट्यांत आहोत, आणि छोट्या-मोट्यांना शेवटी बसवतात. पंगतीत तसंच असतं. म्हणजे अजून थांबलं पाहिजे.

दुपारची दिल्लीही अडीचला गेली. पुन्हा खरखर. या खेपेला त्यानं बटणावर हात ठेवला, पण हात फिरेना. सावली पूर्वेकडं लांब व्हायला लागली होती. त्याच्या मोजणीनं सात तास झाले होते.

तिकडं बाजारात पुंजाजीनं आपलं काम केलं होतं. मोळ्या विकायला बसलेल्या लमाणणींसमोर उभा राहून तो ओरडला, "ओ मोतीबाई! तुया पोरगा येडा झाला! सकाळपासून रेडिओपुढं बसून हाये. म्हणते, लमाणाची बोली येते त्यात. उपाशी बसला हाये लेकाचा!" बाजार हसला. मोतीबाईची मोळी सकाळी विकली गेली नव्हती. एक गिऱ्हाईक आलं तेव्हा तिनं भाव इतका चढवून सांगितला की ते निघून गेलं. मोळी तिला ठेवायची होती.

पाच वाजता पेटी परत बोलू लागली, पण आवाज बारीक झाला होता. मुलांसाठी एक गोष्ट झाली. मग गावकऱ्यांसाठी म्हणून दोन माणसं आली आणि खेड्यातल्यासारखी भाषा काढून बोलू लागली. एक जण सारखा 'अरे ओ भैया' म्हणत होता.

परत आलेला पुंजाजी खांबाला टेकून ऐकत होता. "हे कोण्या गावचे होत? यांच्या गावात बैल हाये का नाई?" मग त्याचं लक्ष फडक्याकडं गेलं. भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. "सेवाद्या, तू खाल्लं नाई लेका."

"दहा घंटे झाले का?"

"मले काय ठाऊक! बांबू तूच पाहून राह्यला सकाळपासून."

दहा तास झाले होते. सेवादासला ते माहीत होतं. बांबूची सावली गोठ्याच्या दाराला टेकली की दहा, असं त्यानं सकाळीच ठरवलं होतं, आणि ती दारावर चढूनही गेली होती. आता पुढचा तास पाटलाचा. व्याही यायचे होते. चामडी जायची होती. त्यानं बटणाला हात लावला. तेवढ्यात आतला माणूस म्हणाला, आता इतर भाषांमधल्या बातम्या.

त्यानं हात काढून घेतला.

"अबे!" पुंजाजी म्हणाला. "पाटलाचा घंटा होय थो!"

"पाटील रोज आयकते," सेवादास म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दुसऱ्याच्या वाटणीचं काही घेतलं, आणि ते घेताना त्याचा आवाज अजिबात हलला नाही.

तामीळ आली. तेलगू आली. त्याच सुमाराला मागच्या फाटकातून दोन बाया आल्या. पुढं मोतीबाई, डोक्यावर मोळी. मागं हिरीबाई, नायकाची सून. तांड्यातली बाई गावात एकटी फिरत नाही. आणि मोतीबाईसोबत तर नायकाच्या घरचंच कुणीतरी असायचं, दोन वर्षं हाच नेम होता.

मोतीबाईनं मोळी भिंतीशी टाकली. पाटलाच्या घरी लाकूड द्यायला आलो, असं म्हणायला ती मोळी. पण घ्यायला घरात कुणी नव्हतं, आणि तिनं कुणाला हाकही मारली नाही. ती उभी राहिली. सेवादासनं तिला बघितलं आणि मान खाली घातली. तिला बोलायला लागू नये म्हणून.

पेटीतला आवाज आता दूर विहिरीतून आल्यासारखा येत होता. बंगाली झाली. पठाण सुरू झाला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज खोल खोल जात राहिला. सेवादासनं कान पेटीच्या कापडाला लावला. पठाण कुजबुजला. मग तेही नाही. खरखरसुद्धा नाही.

तो कान लावून तसाच बसला. अंगणात कुणी हललं नाही. झाडावर एक होला घुमत होता तेवढाच.

मग मोतीबाई पुढं आली. पायरीशी थांबली. लेकाकडं तिनं बघितलं नाही. पेटीकडं बघितलं, डोक्यावरची ओढणी सारखी केली, आणि पेटीला विचारलं,

"बाटी खादो कांई?"

जेवलास का, एवढाच त्याचा अर्थ. तांड्यात कुणीही कुणालाही भेटलं की पहिल्यांदा हेच विचारतात.

हिरीबाई दचकली. "काकी! सासऱ्याला कळलं तर?" हेही ती गोरमाटीतच म्हणाली. इथून पुढचं सगळं बोलणं त्याच बोलीतलं. मी ते माझ्या भाषेत लिहितो आहे, आणि लिहिताना त्यातलं निम्मं सांडतं आहे.

"मी पेटीशी बोलते," मोतीबाई म्हणाली. "पेटीला पंचांनी कधी बाहेर टाकलं?"

हिरीबाईनं पाठ फिरवली, मोळीपाशी खाली बसली आणि घट्ट बांधलेल्या मोळीची गाठ सोडून परत बांधू लागली.

"बाटी खादो कांई?" मोतीबाईनं पेटीला पुन्हा विचारलं.

सेवादासनं पेटीवरचा कान काढला नव्हता. तोही पेटीलाच म्हणाला, "खादो, याडी."

जेवलो, आई. अकरा जण खोटं बोलले तिथं जो एकटा खरं बोलला होता, त्याची भाकरी चार हातांवर मुंग्या खात होत्या, आणि पुंजाजी त्या भाकरीकडं बघत होता.

"वाळलास," आई पेटीला म्हणाली. "डोक्याला तेल लावत जा. ओझ्यानं केस गेले."

"लावतो."

"बाबूसिंगला मुलगा झाला. रूपला नाव ठेवलं."

रूपला त्यांच्या बापाचं नाव. सेवादास पेटीला म्हणाला, "कुणासारखा आहे?"

"रडतो तुझ्यासारखा. तोंड उघडतो, आवाज काढत नाही."

मोळीकडून, पाठमोऱ्याच, हिरीबाई मोळीला म्हणाली, "सासऱ्याला खोकला लागलाय. रात्रभर बसून असतो. बंदीचं कुणी काढलं की म्हणतो, मला आठवत नाही कुणाला काय बोललो ते." आणि दोरीला गच्च हिसका देऊन ती उठली. "चल काकी. उजेड चालला."

रस्त्याकडून बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज यायला लागला होता. मोतीबाई पायरी चढली आणि तिनं हात उचलला. पेटीच्या लाकडावर तिनं तो दोनदा फिरवला, वरून खाली, आणि मोळी तिथंच टाकून मागच्या फाटकानं निघून गेली.

पाटलाच्या गाड्या आल्या. कंदील लागले. जगदेवराव व्याह्यांना बाजेवर बसवलं, पानाचं तबक पुढं केलं. पाटलानं पगडी काढली आणि ऐटीत बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. पेटीला थाप मारली.

पुंजाजी पुढं झाला. तो सेवादासच्या कानाशी कुजबुजला, "म्हण, उंदरानं तार कातरली. मी बी म्हणतो." आणि मग मोठ्यानं, "पाटील, उंदीर लय झाले बा ओसरीवर..."

"म्या लावला जी," सेवादास म्हणाला.

"कायले?"

"तुमी म्हणलं होतं, दुपारून लमाणाची वेळ येते. तिची वाट पाह्यत होतो."

जगदेवरावांनी पान चावायचं थांबवलं. पाटलाला ती गंमत आठवली, आणि व्याह्यासमोर आठवली. "दिवसभर?"

"दिवसभर."

"मंग? आली का?"

"आली जी. दिवेलागणीले आली. थोडीच आली."

जगदेवराव मोठ्यानं हसले. "पाटील, तुमच्या घरी तं लमाणाले बी टेशन हाये! आमाले कोणतं लावता?" सगळी ओसरी हसली. पाटलानं खाली उतरून सेवादासच्या तोंडात मारली. एकदा. काढून टाकला नाही. तेजाब डोक्यावर घ्यायला दुसरा कुणी मिळत नव्हता, आणि पाटील रागातही आपला फायदा विसरणारा माणूस नव्हता.

तांबडं फुटताना सेवादास निघाला. पुंजाजीनं चुंबळ करून त्याच्या डोक्यावर ठेवली, बॅटरीला हात दिला, आणि नवी भाकरी कमरेला बांधून दिली. गंमत मात्र केली नाही.

वाशीमची वाट तांड्याच्या अंगावरून जाते. दोन वर्षं तो तिथून असाच जात होता, सरळ समोर बघत. चुलींचा धूर वाटेवर उतरला होता. कुठंतरी लहान मूल रडत असावं किंवा नसावं, आवाज नव्हता. तो शेवटच्या झोपडीपुढून निघाला तेव्हा मागून कुणीतरी गोरमाटीत शेळीला म्हणालं, "सांभाळून जा. पुढं खडा आहे. आणि बाटी खा."

तिथं शेळी होती की नव्हती, ते त्याला बघता आलं नाही. मान वळवली की तेजाब सांडतो.